तुरुंगाच्या दाराशी आपले माणूस उभे पाहिजे
(दीपनगर येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



पाळी संपवून, कोणी भाकरी बांधून घेऊन, कोणी तसेच उपाशी, तुम्ही येथे जमला आहात. जळगावच्या खानदेश मिलमध्ये आणि अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये ज्यांची हयात गेली ते म्हातारे येथे आहेत. त्या गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. सूतगिरणीतली तरणी पोरे आहेत, सुरतेच्या मागांवरून चार दिवसांच्या सुट्टीवर आलेलेही आहेत. सीमाप्रश्नावर, मराठीवर भाषणे तुम्ही पुष्कळ ऐकली. आज आम्ही एका साध्या कामाबद्दल बोलणार आहोत. आपले माणूस तुरुंगात गेले तर त्याच्याशी गाठ कशी ठेवायची, ते काम.

तुम्ही म्हणाल, हे काय सभेत सांगायचे काम? ज्याचे त्याचे घर बघून घेईल. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. हे काम एकट्या घराचे नाही, संघटनेचे आहे. ज्या दिवशी ते एकट्या घरावर टाकले जाते, त्या दिवशी तुरुंग निम्मा जिंकतो.

अंतर हीच शिक्षा

राज्यकर्त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. माणसाला कोंडून तो मोडत नाही. एकटा पाडला की मोडतो. म्हणून आधी अंतर वाढवायचे. १९०८ साली २२ जुलैला लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगाराने सहा वर्षांसाठी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, गोळ्या खाल्ल्या. इंग्रजाने लोकमान्यांना कुठे नेले? मंडालेला, ब्रह्मदेशात! १९१२ साली पुण्यात सत्यभामाबाई वारल्या, तेव्हा नवरा समुद्रापलीकडे कोठडीत होता. शेवटची भेट नाही, तोंड पाहणे नाही.

पुढे आपल्या गिरणी कामगारांचीच पाळी आली. १९२८ साली मुंबईत सहा महिन्यांचा संप झाला, गिरणी कामगार युनियन उभी राहिली. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे पकडले गेले. त्यांच्याबरोबर अर्जुन आळवे आणि कासले हे गिरणीतून वर आलेले पुढारीही. खटला कुठे चालवला? मुंबईत नाही. मेरठला! मुंबईत ज्यूरी बसली असती, कोर्टाच्या दाराशी परळ-लालबाग लोटले असते. मेरठला कोण जाणार? गाडीभाडे कोणाजवळ होते? निकाल लागायला जानेवारी १९३३ उजाडले. जवळजवळ चार वर्षे! खटला संपायच्या आतच शिक्षा भोगून झाली.

पण त्या कैद्यांना एकटे पाडण्याचा डाव पुरता साधला नाही. त्यांच्या बचावासाठी देशात समित्या झाल्या, परदेशांतही झाल्या. इंग्लंडात मँचेस्टर-सॉलफर्डच्या बाजूला, म्हणजे कापडगिरण्यांच्याच मुलुखात, कामगारांच्या नाटकमंडळींनी 'मेरठ' नावाचे छोटे नाटक रस्त्यावर केले. हातातल्या काठ्या उभ्या-आडव्या धरून त्यांनी तुरुंगाचे गज केले आणि गजांमागून ते लोकांशी बोलले. लँकेशायरचा विणकर आणि परळचा विणकर, एकमेकांचे तोंड न पाहिलेले! गाठ ठेवायची म्हटली तर इतक्या लांबूनही ठेवता येते.

आपल्या खानदेशाचा दाखला

लांब कशाला जावे? धुळ्याचा तुरुंग आपलाच आहे. १९३२ साली विनोबा तेथे होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार ते गीतेवर बोलले. दर रविवारी एक अध्याय. ऐकणारे कैदी. त्यांत साने गुरुजी होते, आणि त्यांनी ती प्रवचने उतरून घेतली. तुम्ही गीता माना वा न माना, पण एवढे ध्यानात घ्या: बोलणारा आत, ऐकणारे आत, दाराला कुलूप, आणि तरी ते बोलणे पुस्तक होऊन देशातल्या कितीतरी भाषांत गेले. का? तर एका माणसाने ते टिपून ठेवले आणि बाहेर ते घेणारे लोक होते.

हेच गुरुजी १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते. मिठाच्या सत्याग्रहात त्यांना शिक्षा झाली आणि पुढे त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले. कुठे अमळनेर, कुठे त्रिचनापल्ली! भोवती तमिळ बोलणारे. गुरुजींनी त्या भाषेशी वैर धरले नाही. त्यांनी तिच्याशी सोयरीक केली, तिरुक्कुरळ मराठीत आणले. आंतरभारतीचे बी तेथेच पडले. आपली भाषा मागणारा माणूस दुसऱ्याच्या भाषेचा शत्रू नसतो, हे आमच्या चळवळीने गुरुजींकडून शिकावे. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. आईपासून तुटलेल्या माणसाने तुरुंगात बसून आईच आठवावी, यातच सारे आले. कोठडीतल्या माणसाला काय हवे असते हे याहून वेगळे सांगायला नको.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५६ पासून हजारो माणसे आत गेली. १ मे १९६० ला राज्य मिळाले. हुतात्म्यांची नावे कोरली गेली, ते योग्यच झाले. पण डोक्यावर पदर घेऊन, काखेत पोर घेऊन, तुरुंगाच्या दाराशी तिष्ठत राहिलेल्या बायांची नावे कुठल्या दगडावर आहेत? ती माउली दारात उभी होती, म्हणून आतला गडी माफीच्या कागदावर सही न करता उभा राहिला. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी घरांना हिंडलग्याच्या तुरुंगाचे नाव आजही सांगावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयातला २००४ सालचा सीमादावा अजून पडून आहे. तो लढा चालू आहे तोवर हे कामही चालू राहणार.

आजचे मेरठ

आता आजचे बोलू. खानदेशातून हजारो माणसे पोटासाठी सुरतेला जातात. तापी काठची आगगाडी अमळनेर-नंदुरबार करीत त्यांना उधना-लिंबायतच्या वस्तीत सोडते. समजा तेथे मारामारी झाली, चोरीचा आळ आला, पोलिसांनी पोरगा उचलला. तो लाजपोरच्या तुरुंगात. कागद गुजरातीत. बाप इकडे कपाशीत, आईला सही येत नाही. रोजंदारी बुडवून, भाडे खर्चून ते किती वेळा जाणार? दोनदा जातात, तिसऱ्यांदा जात नाहीत. हे आजचे मेरठ आहे, आणि ते घडवायला इंग्रज लागत नाही.

येथे भाषेचा प्रश्न पोटाच्या प्रश्नाला भिडतो. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला आला. नागपूरच्या एका माणसाला स्थानबद्ध केले होते. कारणे इंग्रजीत दिली. तो म्हणाला, मला हिंदीच समजते, हिंदीत द्या. दिली नाहीत. न्यायालयाने ती स्थानबद्धताच बेकायदा ठरवली. माणसाला का धरले ते त्याला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे! हा न्याय हिंदीवाल्याला मराठी राज्यात मिळाला. मराठी माणसाने तोच सुरतेत मागावा, बेळगावात मागावा, आणि आपल्या राज्यात आलेल्या परभाषी मजुरालाही मिळवून द्यावा.

करायचे काय?

पहिली गोष्ट, पहिला दिवस वाया घालवू नका. धरलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे, प्रवासाचा वेळ तेवढा वगळून. हे घटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. धरल्याची खबर घरच्यांना देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. कुठे ठेवले, कुठले कलम, कुठले कोर्ट, या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट वकिलाची. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. त्यात कमाईची अट नाही. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. १५१०० हा फोन आहे. देशातल्या दर चार कैद्यांत सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ कलमाप्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला, तर त्याला जामिनावर सोडायचे असते. इतरांना निम्म्या काळानंतर. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असले तरी अडते. पण दिवस मोजणार कोण? आतल्याजवळ कागद नाही. बाहेरच्यानेच भिंतीवर तारीख लिहून ठेवली पाहिजे.

तिसरी गोष्ट मुलाखत. घरच्यांना आणि मित्रांना भेटणे हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली सांगितले. ती मेहेरबानी नव्हे! पण नियम आहेत, ते पाळा. भेटीचा वार आधी विचारा, नाव आधी नोंदवा, आधार कार्ड बरोबर न्या. कैदी दुसऱ्या तुरुंगात हलवला नाही ना, हे निघण्यापूर्वीच विचारा. ई-मुलाकातीची सोय आहे. गावातल्या शिकल्या पोराने म्हाताऱ्या आईबापांना ती लावून द्यावी. भेटीला मिनिटे मोजकी असतात. ती रडण्यात घालवू नका. आधी तब्येत, मग खटला, मग घर, असे मनाशी ठरवून जा. पडद्यामागून "कसा शे भाऊ?" एवढे आपल्या बोलीतले ऐकले, तरी तो आठवडाभर त्या शब्दावर जगतो.

चौथी गोष्ट पत्र. पत्र तुरुंगात वाचले जाते, म्हणून खटल्याची भानगड त्यात लिहू नका. ती वकिलाला सांगा. प्रत्येक पत्राला अनुक्रमांक घाला, म्हणजे मधले गहाळ झाले तर दोघांनाही कळते. काय लिहायचे? पाऊस झाला का, कपाशी कशी आहे, गाय व्याली, पोरगी कितवीत गेली. "सगळे ठीक आहे" असे खोटे लिहू नका. त्याला ते ओळखू येते. "लवकर सुटशील" असे तारीख नसताना लिहू नका. आणि एकदा पत्र धरले की सोडू नका. महिन्याला एक, पण चुकता कामा नये. पत्र न येण्याचा दिवस कोठडीत फार लांब असतो.

हार नसलेला कैदी

शेवटची गोष्ट थोडी कडू आहे. सत्याग्रही सुटला की आपण हार घेऊन जातो, घोषणा देतो. पण शेजारच्या खोलीतला पोरगा चोरीच्या आळात गेला, तर आपण त्याच्या आईशी बोलायचे सोडतो. नळावर बाया तिला जागा देत नाहीत. त्याच्या बहिणीचे जमलेले लग्न मोडते. अरे, तिने काय केले? त्याने तरी केले की नाही, हे अजून कोर्टाने सांगितलेले नाही. आणि केले असले, तरी शिक्षा त्याला झाली आहे, त्या घराला नाही!

हार घातलेल्या कैद्याला सारा महाराष्ट्र भेटतो. हार नसलेल्याला कोण भेटणार? जो त्याला आज एकटा सोडील, तो उद्या सत्याग्रह्यालाही सोडील, कारण भीती एकच आहे: आपल्यालाही डाग लागेल. ही भीती ज्या चाळीत राहते, त्या चाळीत संघटना राहत नाही.

म्हणून आमची मागणी सरकारकडे नंतर, आधी तुमच्याकडे आहे. प्रत्येक खात्यातून दोन माणसे नेमा. आपल्यातला कोण आत आहे, याची वही त्यांनी ठेवावी: नाव, तुरुंग, कोर्टाची तारीख, शेवटचे पत्र कधी गेले. पगाराच्या दिवशी दहा-दहा रुपये काढा. त्यातून एका घराचे गाडीभाडे निघेल. सुरतेच्या मंडळींनी लाजपोरची भेट वाटून घ्यावी, आज याने, पुढच्या खेपेला त्याने. मुलांच्या वह्या, घरातले राशन, म्हातारीचे औषध, एवढे आपण पाहिले की आतल्या माणसाच्या डोक्यावरचे निम्मे ओझे उतरले.

आज सभा उठण्यापूर्वी ती वही उघडू आणि पहिली नावे लिहून घेऊ. ज्याला आपल्या घरचे नाव सांगायला लाज वाटते, त्याने आमच्या कानात सांगावे. लिहून घेणाऱ्याला लाज वाटणार नाही.

बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!
कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!