गर्भिणींचा पांडुरोग

डोळ्याची खालची पापणी बोटानें हळूच ओढून आंतला रंग पाहण्याची वैद्य-डॉक्टरांची रीत जुनी आहे. तो रंग गुलाबी असला तर ठीक. पांढुरका दिसला तर रक्त उणें झालें असें समजावयाचें. आयुर्वेदानें या अवस्थेला पांडुरोग हें नांव दिलें तें रंगावरूनच. घरांतील वडील मंडळींना मात्र गरोदर बाईच्या फिकट तोंडाचें फारसें कांहीं वाटत नसे. दिवस गेले कीं बाई उतरायचीच, बाळंत झाली म्हणजे रंग आपोआप परत येईल, असें म्हणून सासवा-जावा तिला पुन्हां चुलीपुढें बसवीत. आणि पुष्कळ वेळां तो परत येईही. परंतु सुमारें शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईंत अशा कित्येक बाया होत्या, कीं ज्यांचा रंग परत आला नाहीं. सातव्या-आठव्या महिन्यांत त्यांचे पाय सुजत, चाळीचा जिना चढतांना छातींत धडधडे, जीभ सोलल्यासारखी लाल होई, जुलाब लागत. आणि बाळंतपणांत थोडा अधिक रक्तस्राव झाला तरी तो सोसण्याची शक्ति शरीरांत उरलेली नसे.

हा रोग नवा नव्हता. बोस्टनमधील वॉल्टर चॅनिंग या प्रसूतिवैद्यांनीं १८४२ सालींच गर्भिणींच्या पांडुरोगाचें वर्णन लिहून ठेविलें होतें. हिंदुस्थानांतील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेंत आयुष्य घालविलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांना तो येथें वारंवार दिसे, आणि त्याचें मूळ कोणी तरी नेटानें शोधावें असें त्यांना वाटे. त्यांच्याच सूचनेवरून १९२८ सालीं लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळांतील डॉ. लूसी विल्स या मुंबईस आल्या. विल्सबाईंचा जन्म १८८८ चा. केंब्रिजला त्या आधीं वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकल्या होत्या. वैद्यकाची पदवी त्यांनीं १९२० सालीं, म्हणजे तिशी उलटल्यावर मिळविली. मुंबईंत त्यांच्या कामाला जागा मिळाली ती परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें. एके काळचा गव्हर्नरसाहेबांचा वाडा, त्यांत प्लेगच्या दिवसांपासून चाललेली प्रयोगशाळा, आणि भोंवतीं गिरण्यांचीं धुराडीं व कामकऱ्यांच्या चाळी. रोगी शोधावयास लांब जाण्याचें कारणच नव्हतें.

रक्ताचा थेंब कांचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला म्हणजे तांबड्या पेशींचा समुदाय दिसतो. निरोगी स्त्रीच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत अशा सुमारें ४५ लाख पेशी असतात. लोहाच्या अभावीं पांडुरोग झाला तर या पेशी लहान व फिक्या दिसतात. विल्सबाईंच्या रोग्यांच्या रक्तांत उलटें चित्र होतें. पेशी थोड्या, पण ज्या होत्या त्या अवाजवी मोठ्या, लांबटगोल आणि रंगानें भरलेल्या. कारखान्यांतून माल थोडा निघावा आणि निघेल तोही बेढब निघावा, तसा हा प्रकार. हाडांतील मगजांत, जेथें या पेशी जन्मतात तेथें, वाढ मध्येंच अडकलेल्या मोठाल्या पेशींची गर्दी झालेली असते.

नेमकें हेंच चित्र आणखी एका रोगांत दिसतें, ही त्या वेळची खरी अडचण होती. युरोप-अमेरिकेंत बहुधा उतारवयांत होणारा एक पांडुरोग आहे. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचें वर्णन केलें, आणि त्यांतून कोणी वांचत नसे म्हणून त्याला 'घातक' हें विशेषण लागलें. १९२६ सालीं बोस्टनच्या मायनॉट व मर्फी या डॉक्टरांनीं अशा रोग्यांना दररोज जनावराचें यकृत भरपूर खावयास घातलें, आणि मरणाच्या दारांतले लोक उठून चालूं लागले. याच कामासाठीं त्या दोघांना व व्हिपल यांना मिळून १९३४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. रक्त सारखें तर रोगही एकच, हें अनुमान मग कोणालाही सुचावें. मुंबईच्या बायांच्या दुखण्याला 'गर्भिणींचा घातक पांडुरोग' असें म्हणतही असत, आणि विल्सबाईंच्या पहिल्या निबंधांच्या मथळ्यांवर तेंच नांव आहे. पुढें त्यांच्याच हातून तें खोडलें गेलें.

त्यांच्या बरोबर मेहता, तळपदे व बिलिमोरिया हे येथील सहकारी होते. निबंधांवर त्यांचींही नांवें आहेत. हा कांहीं जंतूंचा प्रताप असावा काय, हें प्रथम तपासून झालें. त्यांतून कांहीं निष्पन्न होईना. तेव्हां या मंडळींनीं बायांच्या ताटाकडे लक्ष वळविलें. निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात, कशा घरांत राहतात, याची पाहणी केली. आणि जिच्या ताटांत दूध, अंडीं, मांस, फळें व पालेभाजी यांचा दुष्काळ, तिलाच हा रोग गांठतो असें दिसून आलें. गरीब मुसलमान बायांचें अन्न सर्वांत निकृष्ट आणि रोगही त्यांच्यांतच सर्वांत अधिक. मोठ्या शास्त्रज्ञानें रोग्याच्या घरचा स्वयंपाक विचारणें त्या काळीं कमीपणाचें वाटण्यासारखें होतें. पण येथें प्रयोगशाळेंतील नळ्यांनीं जें सांगितलें नाहीं तें चुलीजवळच्या डब्यांनीं सांगितलें.

पुढें तेंच अन्न पांढऱ्या उंदरांना घालण्यांत आलें. गाभण उंदरिणींना पांडुरोग झाला आणि त्या विण्यापूर्वींच मेल्या. अन्नांत यीस्ट, म्हणजे दारू व पाव यांचें आंबवण करणारें किण्व, मिसळलें तर रोग टळतो असें आढळलें. परंतु या उंदरांना उवांमुळें एका निराळ्याच रोगाची बाधा असल्याचें उघड झालें आणि निष्कर्षाविषयीं संशय उत्पन्न झाला. विल्सबाईंनीं तो संशय झांकला नाहीं. सारें काम त्यांनीं माकडांवर पुन्हां करून पाहिलें, आणि माकडांचेंही रक्त त्याच अन्नावर तसेंच बिघडलें.

माणसांवरील अनुभव १९३१ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें प्रसिद्ध झाला. औषध होतें मारमाइट. बीअरच्या कारखान्यांत उरलेल्या किण्वाचा हा काळपट, खारट अर्क विलायतेंत पावाला लावून खातात. सवय नसलेल्यास त्याचा वासही सोसवत नाहीं. यकृताच्या अर्कानेंही बाया बऱ्या होत, पण तो महाग. मारमाइट स्वस्त आणि गुण तितकाच. अशा उपचारांत तीन-चार दिवसांतच रक्तांत कोवळ्या पेशींची लाट येते, आणि मगजांतील कारखाना सुरू झाल्याचें तेव्हांच कळतें. बाईच्या तोंडावर रंग चढण्यास आणखी कांहीं आठवडे लागतात. अर्थात् बरी होऊन ती ज्या घरीं जाई तेथील ताट पहिल्यासारखेंच असे. बाटलींतल्या अर्कानें बाजारभाव उतरत नाहींत.

यानंतरची गोष्ट ऐकावयास किरकोळ वाटेल, पण साऱ्या हकीकतीचें मर्म तिच्यांत आहे. यकृतांतील गुणकारी अंश निराळा काढावा म्हणून औषधी कारखाने त्याचा अर्क अधिकाधिक शुद्ध करूं लागले होते. घातक पांडुरोगाला हा शुद्ध अर्क उत्तम लागू पडे. विल्सबाईंच्या रोग्यांना कच्चा, ओबडधोबड अर्क दिला तर त्या बऱ्या होत. शुद्ध दिला कीं गुण येईना. दुसरा एखादा डॉक्टर औषधाची बाटलीच वाईट निघाली म्हणून गप्प बसला असता. त्यांनीं याचा सरळ अर्थ लावला: यकृतांत एक नव्हे, दोन गुण आहेत, शुद्ध करतांना त्यांपैकीं एक राहतो आणि दुसरा गाळांत टाकला जातो, तो दुसरा यीस्टमध्येंही असतो, आणि मुंबईच्या बायांना त्याचीच वाण पडलेली आहे. हें म्हणणें १९३७ सालीं 'लॅन्सेट'मध्यें पुराव्यानिशीं आलें. रक्ताचें चित्र एक, पण रोग दोन. बोस्टनच्या रोग्याचें ताट भरलेलें असे, पण त्याच्या जठरांतील रस निकामी झाल्यामुळें अन्नांतलें सत्त्व अंगीं लागत नसे. मुंबईच्या बाईचें जठर धड होतें, ताटच रिकामें होतें.

त्या अज्ञात पदार्थाला कांहीं वर्षें 'विल्स घटक' असेंच म्हणत. १९४१ सालीं टेक्सासमधील संशोधकांनीं चार टन पालकाच्या पानांतून एक पदार्थ थोडासा मिळविला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल असें नांव दिलें. १९४५ सालीं अमेरिकेंतील लेडर्ले प्रयोगशाळेंत तो कृत्रिम रीतीनें तयार झाला. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रांतील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या एका भावाचा बळी उष्ण देशांतल्या स्प्रू नांवाच्या संग्रहणीनें घेतला होता, आणि फोलिक आम्लानें जे रोग हटतात त्यांत ही संग्रहणीही आहे. सुब्बाराव १९४८ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं वारले. त्याच वर्षीं बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनीं, फोलिक आम्लाची नक्कल करून त्याचें काम अडविणारें लेडर्लेचें एक औषध रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या १६ मुलांना देऊन त्यांपैकीं १० जणांना कांहीं काळ उतार पडल्याचें जाहीर केलें. तें एक स्वतंत्र प्रकरण आहे.

फोलिक आम्ल शरीरांत करतें काय? पेशी दुभंगून एकीच्या दोन व्हावयाच्या तर तिच्या केंद्रांतील आनुवंशिक द्रव्याची, डी.एन.ए.ची, दुसरी प्रत तयार व्हावी लागते. त्या प्रतीचा एक घटक, थायमिन, घडविण्यासाठीं फोलिक आम्ल लागतें. तें नसलें कीं प्रत अपुरी राहते; पेशी फुगत जाते, पण दुभंगत नाहीं. म्हणून पेशी मोठ्या आणि थोड्या. गर्भारपणांत आईचें रक्त व पोटांतील मूल दोन्ही वाढत असल्यामुळें मागणी एकदम चढते, आणि बेताचा साठा असलेली बाई त्याच वेळीं कोसळते. घातक पांडुरोगांत उणीव असते ती १९४८ सालीं हातीं आलेल्या ब-१२ जीवनसत्त्वाची. परंतु ब-१२ नसलें तर शरीरांतलें फोलिक आम्ल एका निरुपयोगी रूपांत अडकून पडतें. तिजोरींत पैसा आहे पण किल्ली हरवली, अशी स्थिति. म्हणून दोन्हीकडे रक्त सारखें दिसतें.

या सारखेपणांत एक धोका आहे, आणि तो आपल्याकडील पुष्कळ घरांना लागू आहे. ब-१२ ची उणीव असलेल्यास नुसतें फोलिक आम्ल भरपूर दिलें तर रक्त सुधारतें, रोगी खूष होतो. पण ब-१२ चें एक काम मज्जातंतूंचें आवरण राखण्याचेंही आहे आणि तें फोलिक आम्लाला येत नाहीं. हातापायांना मुंग्या येऊं लागतात, पुढें चालतांना तोल जातो, आणि रक्ताचा अहवाल मात्र निर्दोष येतो. ब-१२ वनस्पतींत नसतें. दूध, दही, अंडीं, मांस यांतूनच तें मिळतें. तेव्हां पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या आणि दूधही बेतानेंच घेणाऱ्या कुटुंबांत मोठ्या पेशींचा पांडुरोग आढळला तर कोणती उणीव आहे हें तपासल्यावांचून एकच गोळी चालूं ठेवूं नये. विल्सबाईंनीं पाडलेला भेद आजही रोजच्या निदानांत उपयोगी पडतो तो असा.

पालेभाज्या, डाळी, हरभरा, शेंगदाणे यांत फोलिक आम्ल असतें. पण फार वेळ उकळल्यानें तें नासतें, आणि भाजीचें पाणी ओतून टाकलें तर त्याबरोबर मोरींत जातें. भारत सरकारनें गर्भिणींना लोह व फोलिक आम्ल यांची गोळी देण्याचा कार्यक्रम १९७० सालीं सुरू केला. हल्लींच्या गोळींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतें. विल्सबाई त्यापूर्वींच, १९६४ सालीं निवर्तल्या.

त्यांच्या ध्यानींमनीं नसलेला एक उपयोग १९९१ सालीं निर्विवाद सिद्ध झाला. ज्या मातांना पूर्वीं पाठीचा कणा किंवा मेंदूचें आवरण उघडें राहिलेलें मूल झालें होतें, त्यांना पुढील गर्भधारणेच्या आधींपासून फोलिक आम्ल दिलें असतां तसें मूल पुन्हां होण्याचा संभव ७२ टक्क्यांनीं घटला. मात्र गर्भाचा कणा व मेंदू ज्या नळींतून तयार होतात ती नळी गर्भ राहिल्यापासून सुमारें २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, खात्री झाली, नांव नोंदविलें आणि मग गोळी हातांत पडली, असा क्रम असेल तर तोंपर्यंत ती मुदत बहुधा उलटून गेलेली असते. म्हणून मूल व्हावें असें मनांत आल्यापासूनच, निदान एक महिना आधीं, ती गोळी सुरू करण्यास डॉक्टर सांगतात.