खंदकापलीकडचे पान

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या स्नेहमेळाव्यात, कोलकाता येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात ‘निवृत्तीनंतरचे दिवस’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आम्हां उभयतांस झाली. तीर्थयात्रा, वाचन, औषधपाणी यांविषयी बोलण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी येथे आहेत. आम्ही बोलणार आहोत ते बाहेर जाऊन जेवण्याविषयी. विषय हलका वाटेल. प्रथम आम्हांसही तसाच वाटला होता.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही या शहरात आलो आणि चौतीस वर्षे राहिलो. राहिलो म्हणजे घर, कचेरी आणि मंडळाचा गणेशोत्सव एवढ्यातच फिरलो. डब्यात पोळीभाजी, फडताळात दादरहून आणलेला गोडा मसाला आणि आमसुले. जिन्यात मोहरीच्या तेलाचा वास आला की आम्ही दार लावून घेत असू. निरोपसमारंभात एका बंगाली स्नेह्याने सहज विचारले, “आमचे शुक्तो कधी खाल्लेत का?” ‘नाही’ म्हणताना आम्ही ओशाळलो. ज्या गावाचे मीठ खाल्ले, त्या गावाचे अन्न मात्र चाखले नव्हते. आणि पुण्याकडे जागा पाहणे तर तेव्हा सुरूही झाले होते.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली. कचेरीतून एक माणूस निवृत्त झाला होता. स्वयंपाकघरातून कोणीच झाले नव्हते. तेथे ना हारतुरे, ना शेवटचा दिवस. म्हणून आम्ही नियम केला : पंधरवड्यातून एकदा दुपारचे जेवण बाहेर घ्यावयाचे, आणि आपल्याला ठाऊक नसलेले काही मागवावयाचे.

पहिल्या दिवशी केळीच्या पानावर वाढणाऱ्या एका जुन्या ‘पाइस हॉटेला’त गेलो. येथे प्रत्येक पदार्थाचा हिशेब वेगळा. जे घ्याल त्याचेच पैसे. आम्ही शाकाहारी, शेजारच्या पानावर मासा, म्हणून आरंभी अंग चोरून बसलो. आपल्या पानात डावी-उजवी बाजू एकदम वाढून होते. बंगाली जेवण मात्र क्रमाने येते. आरंभ कडू शुक्तोने, मग डाळ, मग भाज्या, शेवटी चटणी आणि गोड. ज्या खसखशीची चिमूट आपण अनारशावर पेरतो, तिची वाटीभर गोळी येथे बटाट्यात घालून ‘आलू-पोस्तो’ करतात! हरभऱ्याच्या डाळीत खोबऱ्याचे काप लागले, तेव्हा कोकणची आठवण झाली. परंतु त्या दिवशीचा खरा आनंद वेगळाच होता. चाळीस वर्षे सर्वांना वाढून मग जेवणारी व्यक्ती त्या दिवशी प्रथम बसली होती आणि दुसरा कोणी तिला आग्रह करीत होता.

मग पायाला चाकेच लागली. कॉलेज स्ट्रीटवर १८७६ सालच्या ‘अल्बर्ट हॉल’मध्ये १९४२ साली सुरू झालेल्या कॉफी हाउसात आम्ही तरुणांचे वाद ऐकत दोन-दोन तास बसलो. १९८४ साली भूमिगत रेल्वे प्रथम धावली, तेव्हा पैसे आणि वेळ वाचवीत आम्ही ती टाळली होती; २०२४ साली ती हुगळीच्या पात्राखालून हावड्यास जाऊ लागली, तेव्हा मात्र पहिल्याच महिन्यात जाऊन आलो.

एके दिवशी बागबाजारात गेलो. नवीनचंद्र दास यांनी १८६८ साली तेथेच रसगुल्ला केला असे बंगाली माणूस अभिमानाने सांगतो. द्रोण हातात घेऊन चालताना गल्लीच्या पाटीवर नाव दिसले : ‘मराठा डिच लेन’! आपल्या पूर्वजांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली या शहराने खंदक खणण्यास घेतला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला आणि पुढे बुजविला गेला. आम्ही एकमेकांकडे पाहिले. शहराने आपला खंदक केव्हाच बुजविला होता; आम्ही मात्र चौतीस वर्षे आमच्या स्वयंपाकघराभोवती तो खणीत बसलो होतो. सखाराम गणेश देउस्करांसारख्या मराठी कुळातील माणसाने १९०४ साली ‘देशेर कथा’ बंगालीत लिहिली. आम्हांस निदान बंगालीत जेवण मागता यावे, असे तेव्हापासून वाटू लागले.

अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगतो. रात्रीऐवजी दुपारी जावे. गर्दी ओसरलेली असते, पचनही होते. एक पदार्थ दोघांत घ्यावा. साखरेचा विकार असल्यास मिष्टान्नाचा एकच घास घ्यावा, पण तो बसून, चवीने घ्यावा. एकटे राहणाऱ्या स्नेह्यांस आवर्जून बरोबर न्यावे. त्यांच्या घरी एका माणसाचा स्वयंपाक नकोसा होतो, हे ते बोलून दाखवीत नाहीत.

मध्यंतरी आजारपणामुळे महिनाभर घराबाहेर पडणे झाले नाही. पुढे त्या पाइस हॉटेलात गेलो, तेव्हा वाढप्याने पान मांडता मांडता विचारले, “शोरीर भालो तो?” मुले परदेशी असलेल्या आम्हां दोघांची प्रकृती विचारणारे एक ठिकाण या शहरात निर्माण झाले होते. त्या संध्याकाळी पुण्याच्या जागेची कागदपत्रे आम्ही कपाटात ठेवून दिली.

घरचा गोडा मसाला सुटलेला नाही, सुटणारही नाही. गेल्या संक्रांतीस आमच्या गुळपोळीच्या बदल्यात शेजारच्या घरातून खजुराच्या नव्या गुळाचे ‘पाटिसाप्टा’ आले. आता जिन्यात मोहरीच्या तेलाचा वास आला, तर आज शेजारी काय शिजते आहे, एवढेच आम्ही ओळखू पाहतो.

 पुढच्या पंधरवड्यास ज्यांना यावयाचे असेल, त्यांनी मेळाव्यानंतर नावे द्यावीत.