अष्ठीला, गोखरू आणि पुरुषांचे मौन
(तिरुवैयारु येथे दिलेले व्याख्यान)



पुरुषांच्या ज्या दुखण्याविषयी आज बोलावयाचे आहे, त्याचे नाव चारचौघांत घेण्याची पद्धत नाही. पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ रात्री तीन-तीन, चार-चार वेळा उठतो, मोरीत अंधारात उभा राहून धार सुरू होण्याची वाट पाहतो, आणि सकाळी घरच्यांना सांगतो की डासांमुळे झोप लागली नाही. असे वर्ष-दोन वर्षे चालते. मग केव्हा तरी तो बाजारात जातो. तेथे ज्या दुकानास आपण नाट्टु मरुंदु कडै म्हणतो, आणि महाराष्ट्रात काष्ठौषधींचे दुकान म्हणतील, त्या दुकानात हलक्या आवाजात नेरुंजिल मागतो. दुकानदारही अधिक काही विचारीत नाही. पुडी बांधली जाते आणि व्यवहार पुरा होतो. या व्यवहारात औषध आहे, पण रोग कोणता याची विचारपूस नाही. माझे आजचे बोलणे बहुतांशी या उणिवेविषयी आहे.

ज्या ग्रंथीमुळे हा त्रास होतो ती मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती वेटोळे घालून बसलेली असते. तरुणपणी ती सुपारीहून थोडी मोठी, सुमारे वीस ग्रॅम वजनाची असते. वीर्याचा काही द्रव भाग तयार करणे हे तिचे काम. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत, आणि पंच्याऐंशीपर्यंत दहांपैकी नऊ जणांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसून येते. वाढ झाली म्हणजे त्रास होतोच असे मात्र नाही. ग्रंथी मोठी असून मनुष्य सुखाने झोपतो आणि ग्रंथी लहान असून दुसऱ्याची धार अडते, असेही पाहावयास मिळते.

मराठीत या ग्रंथीस अष्ठीला ग्रंथी असे नाव दिले गेले आहे. अष्ठीला म्हणजे वाटोळा दगड. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाताष्ठीला या प्रकारात मलमार्ग आणि बस्ती यांच्या मध्ये दगडासारखी घट्ट, न हलणारी गाठ उत्पन्न होते व ती मल, मूत्र आणि वायू यांना अडविते, असे वर्णन आहे. शवविच्छेदनाची साधने तुटपुंजी असताना गाठीची जागा इतकी नेमकी सांगितली गेली, हे मला विशेष वाटते. त्यावरून प्राचीनांना आजचे सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काही उत्साही मंडळी काढतात. तो मला मान्य नाही. त्यांनी बोटाने जे चाचपले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले, आणि ते पुरेसे मोठे आहे.

लिहून ठेवण्याचा विषय निघाला म्हणजे या मुलखात सरफोजी महाराजांची आठवण होणे स्वाभाविक आहे. या गावी कावेरीकाठी त्यागराजांची गायनसाधना चालू होती, त्याच काळात येथून तेरा-चौदा किलोमीटरवर तंजावरच्या राजवाड्यात हा मराठा राजा (१७७७–१८३२) निराळ्याच साधनेत गढलेला होता. १७९८ साली तो गादीवर आला. पुढे राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ला, थोडा मुलूख व भरपूर सवड उरली. तिचा त्याने केलेला उपयोग फारच थोड्या राजांना सुचला असेल. त्याने धन्वंतरी महाल उभारला. तेथे वैद्य, सिद्ध परंपरेतील वैद्य, हकीम आणि युरोपीय पद्धतीने शिकलेले चिकित्सक यांना एकत्र बसविले. वनस्पतींची रंगीत चित्रे काढविली. अनुभवास उतरलेले योग तमिळ पद्यांत बांधवून घेतले. ते शरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने पुढे रोगवार पुस्तकांच्या रूपाने छापले आहेत. राज्यकर्ता मराठी, वैद्यकाची भाषा तमिळ, शास्त्र संस्कृत आणि ग्रंथालयात इंग्रजी, फ्रेंच वैद्यकाची पुस्तके असा हा संसार होता.

परंतु त्या साऱ्या संग्रहात मला अधिक मोलाचे वाटतात ते नेत्ररुग्णांचे कागद. चाळीसहून अधिक रुग्णांच्या नोंदी आज उपलब्ध आहेत. कोण आला, डोळ्याची स्थिती काय होती, कोणता उपचार केला, पुढे काय झाले, हे त्यांत आहे, आणि काहींच्या सोबत डोळ्याचे रंगीत चित्रही आहे. उपचाराआधीची अवस्था कागदावर असली म्हणजे नंतरच्या अवस्थेविषयी कोणालाही फुशारकी मारता येत नाही. गोखरूच्या बाबतीत अशा कागदाची उणीव आजही भासते.

आता त्या पुडीकडे वळू. नेरुंजिल म्हणजे मराठीतील काटेगोखरू किंवा सराटा. उन्हाळ्यात अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेत रुततो तोच. दशमुळांतील एक मूळ त्याचे. पुनर्नवा, जिला येथे मूक्किरट्टै म्हणतात, आणि वरुण किंवा वायवर्णा, जो येथे माविलंगम, ही त्याची नेहमीची सोबत. सिद्ध वैद्य सिरुपीळैही देतात. पांढऱ्या लोकरीसारख्या फुलांचे हे झुडूप तमिळनाडूच्या काही भागांत पोंगलच्या आदल्या दिवशी दारावर बांधतात. या वनस्पतींचा काढा, ज्यास येथे कुडिनीर म्हणतात, मूतखडा, लघवीची जळजळ आणि अंगावरील सूज यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या दिला जात आहे. त्यांतील बहुतेकांचा गुण मूत्रल म्हणून सांगितला जातो.

येथे थोडे थांबून विचार करावा लागतो. जळजळ कमी करणे निराळे आणि अडलेली वाट मोकळी करणे निराळे. दार जवळजवळ बंद असताना आत पाणी अधिक सोडले तर घराचे काय होईल? ज्याचे मूत्राशय नीट रिकामे होत नाही, त्याला लघवी वाढविणारे औषध रात्री देणे म्हणजे त्याच्या अडचणीत भर घालणे होय. चांगला वैद्य हे जाणतो आणि आधी ओटीपोट चाचपतो. पुडी बांधणाऱ्यास ते करता येत नाही.

तरीही पुष्कळ लोक सांगतात की काढ्याने गुण आला. ते खोटे बोलत नाहीत. या दुखण्याचा स्वभावच भरती-ओहोटीचा आहे. थंडीत ते वाढते, बद्धकोष्ठाने वाढते, सर्दीच्या काही गोळ्यांनी एकाएकी वाढते, कारण त्या गोळ्या मूत्राशयाच्या मानेतील स्नायू आवळतात. आणि मग ते आपोआप ओसरते. मनुष्य औषधाकडे वळतो तो भरतीच्या दिवसांत. ओहोटी येते तेव्हा पुडी हाताशी असते, आणि श्रेय तिला मिळते.

हा पेच सोडविण्याचा एकच मार्ग आहे. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी द्यावयाची, आणि कोणास काय दिले हे घेणाऱ्यासही कळू द्यावयाचे नाही. सॉ पामेटो नावाच्या अमेरिकन बुटक्या ताडाच्या फळांचा अर्क या विकारावर जगभर खपतो. त्याची अशी परीक्षा २००६ साली २२५ पुरुषांवर वर्षभर झाली. खरा अर्क आणि निर्गुण गोळी यांत फरक आढळला नाही. मात्रा कमी पडली असेल, असा आक्षेप निघाला. २०११ साली ३६९ पुरुषांना ७२ आठवडे तिप्पट मात्रेपर्यंत अर्क दिला गेला. तरीही फरक नाही. उलट, वनस्पतींत सर्वत्र आढळणाऱ्या बीटा-सिटोस्टेरॉल या द्रव्याने जर्मनीतील २०० पुरुषांत सहा महिन्यांत धार सुधारली व त्रास कमी झाला, असे १९९५ साली दिसून आले. ग्रंथी मात्र होती तेवढीच राहिली. तेव्हा वनस्पतींत काहीच नाही असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसणार नाही. आपल्या गोखरू-वरुणाची इतकी कसून परीक्षा व्हावयाची आहे, आणि ती व्हावी म्हणूनच मी बोलतो आहे.

संप्रेरकांचा भाग अधिक नाजूक आहे. ही ग्रंथी पुरुष-संप्रेरकावर जगते. बालपणीच वृषण काढलेल्या माणसांत ती वाढत नाही, हे जुन्या काळापासून ठाऊक होते. १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी दाखविले की या ग्रंथीचा कर्करोगही त्याच संप्रेरकावर पोसला जातो, आणि वृषण काढल्याने अथवा स्त्री-संप्रेरक दिल्याने तो मागे हटतो. त्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुरुष-संप्रेरकाचे अधिक तीव्र रूपांतर रोखणारे फिनास्टेराइड हे औषध अमेरिकेत १९९२ साली मान्य झाले. ते ग्रंथी लहान करते, परंतु गुण येण्यास सहा महिने लागतात.

याच सुमारास अमेरिकेत पीसी-स्पेस नावाचे एक मिश्रण विकले जाऊ लागले. आठ वनस्पती, त्यांतील सात चिनी परंपरेतील आणि आठवा तो बुटका ताड. नावातील ‘स्पेस’ हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ आशा. कर्करोगाचे रुग्ण ते घेऊ लागले आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्या रक्तातील निदर्शक द्रव्य खरोखरच उतरू लागले. १९९८ साली संशोधकांना त्या मिश्रणात स्त्री-संप्रेरकासारखी क्रिया आढळली. वनस्पतींचा हा प्रभाव म्हणून त्याचे कौतुक झाले. मग २००२ साली त्याच्या निरनिराळ्या खेपा तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांत कारखान्यात तयार केलेले स्त्री-संप्रेरक निघाले, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन निघाले आणि वेदनाशामकही निघाले. माल परत मागविला गेला. ज्या रुग्णांनी ‘रसायने नकोत’ म्हणून हा मार्ग धरला होता, त्यांच्या पोटात तीच रसायने गेली, आणि तीही मात्रा न मोजता. त्या आठ वनस्पतींत स्वतःचा काही गुण होता की नाही हे ठरविणेही त्यामुळे कठीण होऊन बसले. भेसळ रुग्णास लुबाडते तशी ती वनस्पतीवरही अन्याय करते.

आपल्याकडे भेसळीचे रूप थोडे वेगळे. ‘पौरुष’ वाढविण्याच्या जाहिराती आपण भिंतींवर वाचतो. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करण्यास मनाई केली, त्यांच्या यादीत नपुंसकता आहे आणि अष्ठीला ग्रंथीचे विकारही आहेत. भिंतीस कायदा वाचता येत नाही, एवढेच. गोखरूने पुरुष-संप्रेरक वाढते असा ज्या डब्यांवर दावा असतो, त्यांच्या माहितीसाठी सांगतो: बल्गेरियातील संशोधकांनी २००५ साली २१ तरुणांवर केलेल्या प्रयोगात अशी काहीच वाढ दिसली नाही. अश्वगंधेने लहान प्रयोगांत थोडी वाढ नोंदली गेली आहे. पण तिच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. भस्मे व रसकल्पांविषयी एकच आकडा देतो. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीत सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा सोमल आढळला. हा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला.

मग काढा घ्यावा की नाही? ज्याचा त्रास सौम्य आहे, ज्याची तपासणी झालेली आहे आणि ज्याचे मूत्रपिंड ठीक आहेत, त्याने जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली तो घेण्यास माझी हरकत नाही. मात्र घेण्यापूर्वी आठवडाभर एका कागदावर रात्री किती वेळा उठलो ते लिहावे आणि सहा आठवड्यांनी पुन्हा लिहावे. चालू असलेल्या इतर औषधांची नावे वैद्यास व डॉक्टरास दोघांसही सांगावीत, विशेषतः रक्त पातळ करणारी. आणि धार सुधारली म्हणजे कर्करोग नाही असे समजू नये. तो बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, मूत्रमार्गापासून दूर सुरू होतो आणि आरंभी धारेस मुळीच अडवीत नाही.

शेवटी घरातील स्त्रियांना उद्देशून दोन शब्द, कारण रात्रीच्या फेऱ्या त्यांनाच अधिक अचूक ठाऊक असतात. लघवी एकाएकी बंद झाली, लघवीतून रक्त गेले किंवा थंडी वाजून ताप आला, तर काढा उकळीत बसू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावे. याहून फसवे लक्षण दुसरेच आहे. म्हाताऱ्या माणसाचे अंथरूण रात्री ओले होऊ लागते, आणि वय झाले म्हणून घरचे रबरी कापड आणून घालतात. पुष्कळदा ते भरलेले मूत्राशय सांडत असते. त्यात वेदना नसते, परंतु त्या दाबाने मूत्रपिंडे निकामी होत जातात. अशा माणसास लघवी करून आल्याबरोबर सोनोग्राफीच्या टेबलावर झोपवावे आणि आत किती उरले आहे ते मोजून घ्यावे. तंजावरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन येथून संध्याकाळपर्यंत परत येता येते.