हुंकारावर चालणारी चित्रकथा

गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचा हुंकार लागतो. ऐकणारा लहान असेल, तर तो नुसत्या हुंकारावर थांबत नाही. 'राक्षसाला मारू नको ना,' म्हणतो, आणि आजी राक्षसाला जिवंत सोडते. छापील पुस्तकाशी असा हट्ट चालत नाही. इंटरनेटवरच्या चित्रकथेशी मात्र चालतो.

अमेरिकेतल्या अँड्र्यू हसी यांनी २००६ मध्ये 'जेलब्रेक' ही चित्रकथा सुरू केली. कोठडीत अडकलेला एक कैदी. त्यानं पुढं काय करावं हे वाचकांनी सुचवायचं आणि पहिली येईल ती सूचना हसी यांनी चित्रात उतरवायची. नियम सरळ होता. पण पहिला बोलणारा शहाणाच असतो असं नाही. गोष्ट भरकटली. म्हणून २००८ मध्ये सुरू झालेल्या 'प्रॉब्लेम स्लूथ'मध्ये त्यांनी नियम बदलला. सूचना सगळ्यांच्या, निवड लेखकाची. आपल्याच कचेरीत अडकलेल्या गुप्तहेराची ही गोष्ट वर्षभरात दीड हजार पानांपुढे गेली आणि तिला रीतसर शेवटही मिळाला.

एप्रिल २००९ मध्ये 'होमस्टक' आली. नायक तेरा वर्षांचा मुलगा. त्याचं नावसुद्धा वाचकांच्या सूचनांतून आलं. पुढं वाचक भराभर वाढले आणि खरी अडचण सुरू झाली. दहा सूचनांतून एक निवडली, तर ती वाचकाची असते. हजारो असल्या, की लेखकाच्या मनात असेल तेच त्यात कुठंतरी सापडतं. मग विचारण्यात अर्थ काय उरला? हसी यांनी सूचना घेणं बंद केलं. वाचक मात्र रुसून गेले नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांनी कथेसाठी संगीत रचलं, चित्रं काढली. आठ हजारांहून अधिक पानांनंतर, २०१६ मध्ये ती संपली.

तिचे हलते-बोलते भाग 'फ्लॅश'वर बेतलेले होते. २०२० अखेर फ्लॅश बंद झालं. तेव्हा ही कथा खेळ-संगीतासकट आपल्या संगणकावर उतरवून घेता येईल, असा संग्रह वाचकांनीच सिद्ध केला.

आपल्याकडे चित्रकथा रचू पाहणाऱ्या मुलामुलींना मी एवढंच सांगेन. वाचकाला विचारायचं, तर त्याचं खरोखर ऐकता येईल तोवरच विचारा. त्यानंतर तो नुसता उपचार उरतो, आणि वाचकाला ते लगेच कळतं.