देवळाचा सूर : सनई-चौघडा
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धाराच्या जमाखर्चात चिरा, वाळू, सिमेंट, गवंड्याची मजुरी, कळसाचा मुलामा अशी बाबवार नोंद असते. एका बाबीची नोंद मात्र कोणत्याही गावाच्या वहीत सहसा सापडत नाही. ती बाब म्हणजे देवळाचा सूर. गाभारा, सभामंडप, दीपमाळ आणि महाद्वार यांबरोबर जुन्या मंडळींनी महाद्वारावर एक माडी बांधली आणि तिला नगारखाना म्हटले. ती माडी शोभेसाठी नव्हती. देव उठला, देवाला नैवेद्य झाला, देव निजला, ही वर्दी शिवारात नांगर धरलेल्या माणसापर्यंत पोहोचावी म्हणून ती उंचावर बांधली. घड्याळ नसलेल्या काळात गावाचे घड्याळ तेच होते.

कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. अंबाबाईच्या महाद्वारावर नगारखाना आहे. भवानी मंडपासमोरचा जुन्या राजवाड्याचा नगारखाना शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराजांच्या कारकिर्दीत, १८२८ ते १८३३ या वर्षांत उभा राहिला आणि त्यासाठी जोतिबाच्या डोंगराचा काळा दगड आणला गेला. राजा आणि देव या दोघांनाच नगारखान्याचा मान. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात तर करवीर ही गाण्याची पेठच झाली. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब दरबारगायक होते आणि त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गायनाची सेवा करीत. देवीच्या दारी सूर महत्त्वाचा, गाणाऱ्याची जात-धर्म नव्हे, ही या शहराची शिकवण आहे. ती खेड्यापर्यंत पुरती पोहोचली नाही, ते पुढे येईलच.

आता सनईकडे वळू. सनई हे सुषिर वाद्य, म्हणजे फुंकून वाजणारे. हातभर लांबीची लाकडी नळी, वरच्या तोंडाशी अरुंद आणि खाली येता येता रुंद होत जाणारी. शेवटी पितळेचा पसरट पेला. वरच्या अंगाला सात-आठ छिद्रे. एवढे पाहून कोणालाही वाटेल, की सुताराने नळी कोरली की सनई झाली. खरी सनई मात्र तोंडाशी असलेल्या दोन बोटांच्या पातीत असते. पाणथळ जागी उगवणाऱ्या बोरूसारख्या गवताची ही पात दुमडून, तासून, दोऱ्याने बारीक नळीवर बांधतात. तिला जिभाळी म्हणतात आणि ते नाव शोभतेही, कारण वाद्याला बोलती करणारी जीभ तीच. वाजवण्याआधी ती ओठांत धरून ओली करावी लागते. फार कोरडी राहिली तर सूर फुटतो, फार भिजली तर दबतो. कोल्हापूरकडच्या पावसाळ्यात आणि चैत्राच्या उन्हात एकच पात सारखी वागत नाही. म्हणून सनईच्या गळ्यात दोऱ्याने दोन-चार जादा पाती आणि त्या साफ करण्याची सळई लोंबत असते. पाहणाऱ्याला ते गोंडे वाटतात. वाजवणाऱ्याची ती शिदोरी असते.

पेटीला पट्ट्या असतात, सनईला नसतात. छिद्र अर्धे उघडून, पाव उघडून, ओठांचा दाब कमीजास्त करून मधले स्वर काढावे लागतात. गळ्यातली मींड जशीच्या तशी सनईत येते ती यामुळे. पण त्याच कारणाने कच्चा वाजवणारा पहिल्या फुंकेत उघडा पडतो.

आणखी एक गोष्ट ऐकणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. सनई एकटी वाजत नाही. तिच्या शेजारी दुसरी सनई असते. ती राग आळवीत नाही, फक्त षड्ज धरून बसते. तिला नुसते ‘सूर’ म्हणतात. गोव्याकडे ‘सुर्त’ म्हणतात. हा सूर तुटता कामा नये. त्यासाठी गालांत हवा साठवायची, ती गालांनी बाहेर ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास घ्यायचा. ही विद्या सांगून येत नाही. शिकणारा पोरगा बहुधा आधी सूरच धरतो. बाप किंवा चुलता राग वाजवतो आणि पोराच्या कानात तो आपोआप उतरतो. वही नाही, स्वरलिपी नाही. लय राखायला चौघडा असतो. वर्षानुवर्षे नाव मुख्य सनईवाल्याचे होते, पण सूर धरणारा थकला तर मैफल तिथेच बसते.

वाद्य किती जुने? देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्यात ‘मधुकरी’ नावाच्या वाद्याचे वर्णन आहे आणि ते सनईच्या जवळचे मानतात. ‘सनई’ हे नाव मात्र फारसीतून आले. अकबराच्या नगारखान्यात एका वेळी नऊ सुरना फुंकल्या जात, अशी नोंद ‘आइन-ए-अकबरी’त आहे. म्हणजे वाद्य इथल्या मातीतले की बाहेरून आलेले, हा वाद पंडितांना जन्मभर पुरेल. गावाच्या दृष्टीने एवढे पुरे, की लग्नात अक्षता पडताना आणि पालखी उचलताना तिच्याशिवाय चालत नाही.

नगारखान्यात वाजवायचे म्हणजे वेळेचे भान लागते. पहाटे भैरव-रामकली, दिवस वर आल्यावर तोडी, दुपारी सारंग, दिवेलागणीला पूरिया-मारवा, रात्री यमन असा साधारण क्रम. गावच्या कलावंताला ही नावे ठाऊक असतील-नसतील. ‘सकाळची चाल’, ‘सांजेची चाल’ एवढ्याच शब्दांत तो नेमके तेच वाजवतो. यातली एक गंमत सांगण्याजोगी आहे : भूपाळी हे पहाटेचे गाणे, पण शास्त्रातला भूप राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. असो. वर्षाचाही असाच क्रम. नवरात्र, दसरा, पालख्या आणि चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांची मिरवणूक. तिथे हलगी, ढोल आणि पिपाणी यांच्या दणदणाटात सनई दबते, पण नाचणाऱ्याचे पाय तिच्यामागेच जातात.

हे वाजवत कोण आले? देवळात गुरव आणि घडशी. वेशीत, मिरवणुकीत आणि लग्नात होलार व मातंग. इथे जरा थांबून स्पष्ट बोलले पाहिजे. ज्यांच्या फुंकेने देव जागा होई, त्यांतल्या कित्येकांना त्या देवाची पायरी ओलांडता येत नव्हती. पालखीच्या पुढे वाजवत चालायचे आणि पालखी देवळात शिरली की दीपमाळेपाशी थांबायचे. सूर आत जाई, माणूस बाहेर राही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले आणि ते खुले झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. कायद्याने दार उघडले. पण मिरवणूक संपल्यावर वाजंत्र्यांची पंगत कुठे बसते, त्यांना चहा कोणत्या कपात मिळतो, हे अनेक गावांत कायद्याला बरीच वर्षे दिसले नाही. ज्या गावाने नवे देऊळ बांधले, त्याने हे मनाशी तपासून पाहिलेले बरे.

पोटापाण्याची व्यवस्था म्हणून या घराण्यांना कुठे इनामाचा तुकडा, कुठे खळ्यावरचे बलुते असे. ही व्यवस्था सुखाची होती असे म्हणणे लबाडीचे होईल. तिच्यात चाकरी जन्माने बांधलेली असे आणि नकार देण्याची मुभा नसे. म्हणूनच शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने मोडून जमिनी रयतावा केल्या. पुढे १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपली. बेडी तुटली हे योग्यच झाले. चूक झाली ती नंतर. वतनाच्या जागी वाजवणाऱ्याला रीतसर पगार द्यावा, हे गावांना सुचले नाही. काम पूर्वीचेच राहिले आणि मोबदला ‘खुशीचा’ झाला. खुशीने दिलेल्या नारळावर आणि शिध्यावर घर चालत नाही. घरातली पोरे गिरणीत गेली, उसाच्या कारखान्यावर गेली, कोणी बँडमध्ये क्लॅरिनेट धरले. त्यांना बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

याच काळात सनई दुसरीकडे मोठी होत होती, हा दैवदुर्विलास. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे मामा काशी विश्वनाथाच्या देवळाशी बांधलेले सनईवादक होते. देवळाच्या ओट्यावरची ही कला भाच्याने मैफलीत नेली. १९४७ साली स्वातंत्र्याच्या सोहळ्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यावर त्यांची सनई वाजली आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २००६ साली ते गेले. आपल्याकडे पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी आणि त्यांच्या घराण्याने सनईला मैफलीचे आसन मिळवून दिले. आता त्या घराण्यातली मुलगीही सनई वाजवते, हे इथे बसलेल्या माहेरवाशिणींनी ध्यानात घ्यावे. सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईहून लहान अशी सुंदरी जिवंत ठेवली. शहरात असा मान वाढला. गावात त्याच मंडळींच्या तबकड्या आल्या, मग कॅसेटी आल्या आणि लग्नात वाजंत्र्यांऐवजी कर्ण्यावर खाँसाहेब वाजू लागले. बिचाऱ्या खाँसाहेबांना कल्पनाही नसेल, की त्यांच्याच सुराने कितीतरी खेड्यांतल्या सनया खुंटीला लागल्या.

देवळात त्याहून सोपा उपाय निघाला. विजेवर चालणारे यंत्र आले. बटण दाबले की नगारा, झांज आणि घंटा एकदम. पुजाऱ्याची सोय झाली, यात शंका नाही. आरतीला चार माणसे जमत नाहीत तिथे तो तरी काय करणार? पण यंत्राला पहाट आणि सांज यांतला फरक कळत नाही. लोडशेडिंग असले की देवही मुका. मिरवणुकीत डॉल्बी आली, तिच्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घराच्या काचा हादरल्या ते बोलतीलच.

तेव्हा आज देणगीदारांपुढे ठेवण्याजोगी गोष्ट मोठी नाही. एका ताफ्याला तीन माणसे लागतात : एक सनई, एक सूर, एक चौघडा. दिवसातून दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ, अर्धा-अर्धा तास. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि पावसाबरोबर संपते. चातुर्मासात कलावंताला काम नसते आणि त्याच चातुर्मासात देवळात उत्सव सर्वांत जास्त असतात. म्हणजे गरज दोन्ही बाजूंनी आहे. कळसासाठी दिलेल्या देणगीचे नाव शिळेवर कोरतात. तशीच एक कायम ठेव सनई-चौघड्याच्या नावाने बँकेत ठेवावी आणि तिच्या व्याजातून दरमहा ठरलेल्या तारखेला पगार द्यावा, तोही पावती घेऊन, नोकरदाराला देतात तसा. वाजवणारा कोणत्या जातीचा हे विचारू नये. शिकायची इच्छा असेल त्या घरच्या मुला-मुलीला बसू द्यावे. उत्सवाच्या पंगतीत त्यांचे पान मानकऱ्यांच्या ओळीत पडावे. ज्या घरात जुनी सनई अजून खुंटीला आहे, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी जाऊन विचारावे. कमिटीने बोलावून घेऊ नये, त्यांच्या दारी जावे.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवलेली बरी. नवशिक्याची सनई सुरुवातीचे कित्येक महिने फार वाईट वाजते. पात चिरकते, सूर मध्येच मोडतो, गाल दुखतात म्हणून पोर रडकुंडीला येते. शेजारपाजारचे तक्रार करतील. म्हणून शिकवणी पहाटे ठेवू नये, संध्याकाळी दिवेलागणीनंतर ठेवावी आणि देवळामागच्या ओवरीत ठेवावी. पहिले वर्ष पोरांनी नुसता षड्ज धरला तरी भागेल.