पितळी दुर्बिणीचे वय आणि मोल



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, समाजकारण, अर्थकारण असे भारदस्त विषय नेहमी येतात. त्यांच्या पंगतीला मी आज एक पितळी नळी आणून बसवणार आहे. जुन्या पितळी दुर्बिणीचे वय कसे ओळखावे आणि तिचे मोल कसे ठरवावे, एवढाच माझा विषय. तो लहान खरा. पण जुनी वस्तू हाती आली म्हणजे पुरावा कशाला म्हणावयाचे, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

एकाच नळीला बाजारात तीन भाव असतात. पहिला मोडीचा, म्हणजे पितळेच्या वजनाचा. दुसरा दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तूचा. तिसरा अस्सल जुन्या उपकरणाचा. या तिन्हींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ते न कळल्यामुळे एखाद्या घरची दुर्बीण हंड्याकळशांबरोबर मोडीत जाते आणि दुसरीकडे एखादा गृहस्थ साठवलेली पुंजी मोजून गेल्या वर्षी घडलेली नळी ‘दोनशे वर्षांची’ म्हणून घरी आणतो. दोघांनीही तिची नीट विचारपूस केलेली नसते.

विचारपूस करावयाची म्हणजे काय? सामान्यतः आपण प्रथम नळीवरील नाव वाचतो. ‘डॉलंड, लंडन’ अशी अक्षरे दिसली की आपले समाधान होते. माझे सांगणे असे की, नाव हा सर्वांत दुबळा साक्षीदार आहे. त्याला शेवटी बोलवावे. का, ते याच डॉलंडच्या इतिहासावरून पाहू.

दुर्बिणीची पहिली लेखी नोंद 1608 सालची. त्या वर्षी हॉलंडमधील हान्स लिपरशे या चष्मेवाल्याने तिच्या हक्कासाठी अर्ज केला. पुढल्याच वर्षी गॅलिलिओने आपली दुर्बीण आकाशाकडे वळवली. पण या दुर्बिणींत एक खोड होती. साध्या भिंगातून जाताना प्रकाशाचे रंग फुटतात आणि वस्तूच्या कडेला निळीतांबडी झालर दिसते. चेस्टर मूर हॉल नावाच्या इंग्रज गृहस्थाने क्राउन आणि फ्लिंट या दोन जातींच्या काचा एकत्र बसवून ही झालर जवळजवळ घालवली. मात्र शोधाचा गाजावाजा केला नाही. लंडनमध्ये रेशीम विणणारा आणि पुढे मुलाच्या चष्म्याच्या धंद्यात शिरलेला जॉन डॉलंड याने 1758 साली अशा जोडभिंगाचे पेटंट घेतले. तो 1761 साली वारला. 1764 साली लंडनच्या पस्तीस भिंगवाल्यांनी हे पेटंट रद्द करावे असा अर्ज केला. पण पेटंट टिकले. शोध मेजाच्या खणात ठेवणाऱ्यापेक्षा तो लोकांपर्यंत आणणाऱ्याचा हक्क मोठा, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला.

डॉलंडचे नाव असे दुमदुमले की, त्या काळी दुर्बिणीला लोक ‘डॉलंड’च म्हणू लागले. आणि जिथे नावाला भाव येतो तिथे नावाची चोरी होते. खुद्द त्याच काळात दुसऱ्यांनी केलेल्या नळ्यांवर ‘डॉलंड’ कोरले जाऊ लागले. काहींनी एका अक्षराचा फरक करून ‘डोलांड’सारखे नाव घातले, नावही नको आणि गिऱ्हाइकही सुटायला नको! तेव्हा नळी खरोखर दोनशे वर्षांची असली, तरी तिच्यावरचे नाव दोनशे वर्षांचे खोटे असू शकते.

मग खरा साक्षीदार कोण? दुर्बिणीचे अंग. नळीपासून आरंभ करू. फार जुन्या नळ्या पुठ्ठ्याच्या, वर कातडे चढवलेल्या असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे काही काळ महोगनी लाकडाचे बाहेरचे खोड आणि आत सरकणारी पितळी नळी, अशी रचना पुष्कळ दिसते. एकोणिसाव्या शतकात एकीत एक शिरणाऱ्या तीनचार पितळी नळ्या आणि बाहेरून कातडे किंवा लाकूड, हा घाट सर्वत्र पसरला. जुन्या काळी पितळेचा पत्रा वाकवून, सांधा झाळून नळी करीत. एकसंध ओढलेली नळी मागाहून रूढ झाली. झाळलेला सांधा नळीच्या आतल्या बाजूस तांबटाच्या नजरेला चटकन सापडतो.

नंतर स्क्रू पाहा. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू अमेरिकेत फिलिप्सच्या पेटंटानंतर, म्हणजे 1936 नंतर, प्रचारात आला. असा स्क्रू नेल्सनच्या काळच्या म्हणवणाऱ्या दुर्बिणीत असेल, तर एक तर तो मागाहून बसवला आहे किंवा सगळी दुर्बीणच मागाहून झाली आहे. जुने आटे कारागीर हाताने काढीत. म्हणून एका दुर्बिणीचे झाकण दुसरीला सहसा बसत नाही.

आता भिंग. समोर दिवा धरून मोठ्या भिंगात त्याची प्रतिबिंबे मोजावी. दोनच दिसली तर भिंग एकेरी आहे. तीन किंवा चार दिसली तर ते जोडभिंग आहे. प्रतिबिंबांवर जांभळी किंवा निळसर छटा असेल तर काचेवर लेप आहे. हा लेप जर्मनीत झाइसच्या कारखान्यात 1935 साली निघाला, तेव्हा ते भिंग त्यापूर्वीचे नव्हे. मग उजळ आभाळापुढे एखाद्या छपराची कड दुर्बिणीतून पाहावी. रंगाची झालर ठळक दिसली तर समजावे की, ज्या गुणासाठी डॉलंडचे नाव झाले तो गुणच या ‘डॉलंड’मध्ये नाही. शक्ती मोजणेही सोपे आहे. दुर्बीण आभाळाकडे करून डोळ्याकडच्या टोकापासून थोडे दूर राहून पाहिले, म्हणजे एक लहान उजळ टिकली दिसते. मोठ्या भिंगाचा व्यास चाळीस मिलिमीटर आणि टिकली दोन मिलिमीटर असेल, तर वस्तू वीसपट दिसते. मात्र सूर्याकडे दुर्बीण कधीही करू नये. क्षणात डोळा जातो.

एवढी साक्ष झाल्यावर नावाला बोलवावे. ‘स्पेन्सर, ब्राउनिंग अँड रस्ट’ ही लंडनची पेढी 1784 ते 1840 या काळात त्या नावाने चालली. तेव्हा ते नाव खरे असेल तर वयाच्या दोन्ही मर्यादा हाती येतात. ‘फ्रान्स’ किंवा ‘जर्मनी’ असा देशाचा शिक्का असेल तर ती नळी बहुधा 1890 नंतरची. कारण आयात मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती अमेरिकेने त्या वर्षाच्या कायद्याने केली. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश फौजेच्या दुर्बिणींवर कारखानदार, अनुक्रमांक, साल आणि सरकारी मालकीचा रुंद बाण असे सगळे कोरलेले असते. त्या पुष्कळ झाल्या आणि पुष्कळ उरल्या.

उलट, ज्या नळीवर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन 1917’ असे असेल तिला नमस्कार करून पुढे जावे. केल्विनची पेढी आणि ह्यूजची पेढी 1940 नंतरच्या दशकात एक झाल्या. 1917 साली ते जोडनाव अस्तित्वातच नव्हते. ‘व्हिक्टोरियन मरीन टेलिस्कोप, लंडन 1915’ अशाही नळ्या मिळतात. व्हिक्टोरिया राणी 1901 साली वारली. तिचे राज्य चौदा वर्षे पुढे रेटण्याचे काम कोरणाऱ्याने केले!

या नळ्या येतात कोठून? त्यांतल्या पुष्कळशा आपल्याच देशातून, विशेषतः रुडकीहून. 1847 साली तिथे अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले, गंगेच्या कालव्याचे काम चालले आणि त्या गावात मोजणीची यंत्रे करण्याचा धंदा रुजला. त्याच हातांनी पुढे शोभेची होकायंत्रे आणि दुर्बिणी घडवल्या. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर त्या जहाजांवरून उतरलेल्या खऱ्या सामानाच्या शेजारी मांडलेल्या असतात. रुडकीच्या कारागिराला मी दोष देणार नाही. तो नक्कल करतो आणि पुष्कळदा सुबक करतो. ‘ही नक्कल आहे’ असे सांगून विकली तर त्यात पाप नाही. पाप जिभेत आहे. नळी आम्लाने काळवंडवून ‘आजोबांच्या पेटीत सापडली’ म्हणणाऱ्या जिभेत.

शेवटी मोलाविषयी. वय म्हणजे मोल नव्हे. शंभर-दीडशे वर्षांच्या साध्या तीन नळ्यांच्या दुर्बिणी जगात इतक्या आहेत की, केवळ जुनेपणाला मोठा भाव येत नाही. भाव येतो तो अंग पूर्ण असण्याला: मूळ भिंगे, टोकाचे झाकण, पेटी, न चेपलेली नळी. म्हणून जुनी दुर्बीण घरी असेल तर हात जोडून विनंती करतो, ती चिंचेने आणि राखेने घासू नका. जुन्या पितळेवर लाखेचे रोगण असते आणि अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात. दिवाळीच्या एका घासणीत दोन्ही जातात आणि साक्षीदाराची जीभच कापली जाते. किंमत विचाराल तेव्हा कोणती, तेही सांगा. व्यापारी विकत घेतो तो भाव वेगळा, लिलावात येतो तो वेगळा आणि विम्यासाठी लावतात तो वेगळा. जो विकत घेणार आहे त्याच्याकडूनच किंमत ठरवून घेऊ नये. शिवाय 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

आणि मोल सर्वांत जास्त वाढते ते कागदाने. ही दुर्बीण कोणाची, कोणत्या साली, कशी घरात आली, याचे एक पत्र, एक पावती, तारखेचे एक छायाचित्र असले तर साध्या नळीलाही इतिहास मिळतो. नुसती ऐकीव कथा कितीही रसाळ असली तरी खरेदीदार तिला पैसा देत नाही आणि इतिहासकार तिला जागा देत नाही. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी त्यांना विचारून ठाऊक आहे तेवढेच लिहावे, आठवणारे आणि ऐकलेले वेगळे ठेवावे, खाली तारीख घालून सही घ्यावी आणि तो कागद पेटीत ठेवावा. हे काम सांगणारे माणूस आहे तोवरच होते. भिंगाची परीक्षा पुढल्या पिढीलाही करता येईल. ही विचारपूस मात्र आपणच करावयाची आहे.