घरातून उठणारा निषेध



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी नागरिकशास्त्राला कधी इतिहासाचे शेपूट मानले नाही. म्हणून नागरिकत्वाचाच, पण व्यासपीठावर क्वचित येणारा एक प्रश्न मी आज निवडला आहे. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांनी राजकीय निषेध कसा नोंदवावा, आणि इतरांनी त्याचे मोल काय मानावे?

मोर्चा हा शब्द बेळगावला शिकवावा लागत नाही. परंतु मोर्चाची मोजदाद आपण पावलांनी करतो. किती लोक चालले, किती वेळ उन्हात उभे राहिले, यावरून निष्ठा ठरते. तासभर उभे राहिल्यास पुढचे चार दिवस अंथरुणात काढावे लागणारा मनुष्य या हिशेबात शून्य होतो. त्याला कोणी मुद्दाम वगळत नाही. त्याची आठवणच होत नाही. (सरकारी कागदोपत्री २०१६ पासून ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. मी ‘अपंग’च म्हणतो, त्यात अडचण झाकली जात नाही.)

अपंगांनी रस्ता गाजवला नाही असे मात्र नव्हे. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कचेरीत त्यांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला आणि रखडलेल्या नियमांवर सही करून घेतली. आपल्याकडे १९९५ च्या डिसेंबरात जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी संसदेपाशी रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात अपंगांविषयीचा कायदा मंजूर झाला. हे पराक्रम वादातीत आहेत. पण कचेरीपर्यंत पोहोचणेच ज्यांना अशक्य, त्यांचे काय?

याचे उत्तर मला इंग्लंडमध्ये सापडते. तेथील सरकारने अपंगांना मिळणारा निर्वाहसाहाय्याचा भत्ता बंद करून त्याजागी नवा, अधिक कडक तपासणीचा भत्ता आणण्याचे ठरवले. खर्चात वीस टक्के कपात हा हेतू होता. लोकांची मते मागवली गेली. पण ती पाठवण्याची मुदत संपण्यापूर्वीच, फेब्रुवारी २०११ मध्ये, विधेयक संसदेत दाखल झाले. पुढे सरकारने आलेल्या मतांचा गोषवारा प्रसिद्ध केला. तो वाचून सू मार्श आणि तिच्यासारख्या आजारी, अपंग मंडळींना शंका आली की मूळ उत्तरे काही निराळेच सांगत असावीत. त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली संस्थांची पाचशेच्या वर उत्तरे मागवली आणि एकेक वाचून काढली. कोणी उशीला टेकून वाचले, कोणी वेदना कमी असलेल्या घटकांत लिहिले. एकजण थकला की दुसऱ्याने काम उचलले. खर्चासाठी अपंगांनीच लहानलहान देणग्या दिल्या. बंडखोर रोमन गुलामाच्या नावाने ओळखला जाणारा हा ‘स्पार्टाकस अहवाल’ ९ जानेवारी २०१२ रोजी प्रसिद्ध झाला. बदलाला पूर्ण पाठिंबा देणाऱ्या संस्था जेमतेम सात टक्के होत्या, असे त्यातून दिसले. सरकारच्याच पक्षाचे लंडनचे महापौर बोरिस जॉन्सन यांनीही आक्षेप नोंदवले होते! ट्विटरवरून हा अहवाल एका दिवसात देशभर पोहोचला.

दोनच दिवसांनी उमरावांच्या सभागृहात त्याच विधेयकातील दुसऱ्या एका भत्त्याच्या कलमांवर सरकारचा तीनदा पराभव झाला. सारे श्रेय अहवालाचे, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय कनिष्ठ सभागृहाने ते पराभव फिरवले, मार्चमध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून नवा भत्ता लागूही झाला. म्हणजे लढाई हरलीच. तरीही ज्या गोषवाऱ्यावर मंत्री बोट ठेवत होते, तो घरात पडून असलेल्या माणसांनी कागदोपत्री खोडून काढला. घोषणांनी हे काम झाले नसते.

घरबसल्या निषेध फुकटचा असतो, अशी टीका होते. मला ती उथळ वाटते. अहवाल लिहिण्याइतकी ताकद आहे तर नोकरीही करता येईल, असे म्हणून आपलाच भत्ता तोडला जाईल, ही धास्ती त्या काळात तेथील अनेकांना होती. चालणाऱ्याचे पाय दुखतात. यांची भाकरीच पणाला लागली होती. २१ जानेवारी २०१७ रोजी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांचा प्रचंड मोर्चा निघाला, तेव्हा लेखिका सोन्या ह्यूबर यांच्या पुढाकाराने सुमारे तीन हजार अपंगांनी आपली छायाचित्रे व निवेदने इंटरनेटवर ठेवून त्यात भाग घेतला. नाव आणि चेहरा देऊन, हे विशेष.

मात्र एक धोका दिसतो. ‘तुम्ही घरूनच पाठिंबा द्या’ असे गोडीने सांगून सभागृहाच्या पायऱ्या तशाच ठेवण्याची सोय आयोजकांना होते. घरून येणे ही ज्याची त्याची निवड हवी, इतरांनी केलेली वाटणी नव्हे.

आपल्या कर्नाटकात २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरी मत देण्याची मुभा मिळाली. अर्ज केला की निवडणूक कर्मचारी मतपत्रिका घेऊन दारी येतात. ते मत मोजताना कोणी अर्धे धरत नाही. मग येथल्या कोणत्याही सभेत, कोणत्याही मागणीसाठी ठराव होतो, तेव्हा घरून आलेली पत्रे व्यासपीठावरून वाचली जातात का, त्यांच्या सह्या निवेदनाच्या पहिल्या पानावर येतात का, मसुदा ठरवण्याआधी त्यांना दूरध्वनी जातो का? या सभागृहात संघटना चालवणारे पुष्कळ माजी विद्यार्थी बसले आहेत. हे प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.